मालक खूश आहेत, म्हणून गाडी घ्यावी का?

गाडीसाठी कर्ज मागायला येणारा खातेदार हल्ली पूर्वतयारी करून येतो. हातात डीलरचे कोटेशन असते आणि मोबाइलमध्ये एखादी जाहिरात असते : 'ग्राहक समाधानात पहिला क्रमांक'. खुद्द मालकच गाडी चांगली आहे असे सांगत असतील, तर आणखी काय बघायचे, असा त्याचा प्रश्न असतो. म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्या आणि बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सोलापूरकडून नोकरीसाठी येऊन इथेच स्थिरावलेल्या कुटुंबांकडून हा प्रश्न वारंवार येतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक बचतदाराला माहीत असायला हवे.

घरानंतर मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे गाडी. घराची किंमत सहसा वाढत जाते. गाडीची किंमत मात्र शोरूमबाहेर पडल्यापासून उतरत जाते. त्यामुळे गाडी निवडताना झालेली चूक पुढची कित्येक वर्षे दरमहा खात्यातून वजा होत राहते.

उत्तर आधी थोडक्यात पाहू. मालकांच्या समाधानाची पाहणी नको त्या गाड्या वगळायला उपयोगी पडते, पण हवी ती गाडी निवडायला ती एकटी पुरत नाही. असे का, ते आता क्रमाने बघू.

पाहणी नेमकी कशाची असते?

'पाहणीत पहिला क्रमांक' एवढे वाचून थांबू नका. पाहणी कशाची होती, हा पहिला प्रश्न विचारा. या क्षेत्रातली सर्वांत परिचित संस्था जे. डी. पॉवर ही १९६८ साली अमेरिकेत सुरू झाली. भारतातही तिने अनेक वर्षे अशा पाहण्या केल्या. ही संस्था एकच पाहणी करत नाही, तिचे अनेक प्रकार आहेत.

पहिला प्रकार सुरुवातीच्या गुणवत्तेचा. अमेरिकेत गाडी घेतल्यापासून पहिल्या ९० दिवसांत मालकांना किती अडचणी आल्या, हे यात मोजतात. भारतातल्या पाहणीत गाडी घेऊन २ ते ६ महिने झालेल्या मालकांना विचारले जात असे. दुसरा प्रकार टिकाऊपणाचा. यात सुमारे तीन वर्षे वापरलेल्या गाडीविषयी विचारतात. तिसरा प्रकार विक्रीनंतरच्या सेवेचा, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाचा. चौथ्या प्रकारात गाडी मनाला किती भावली हे विचारतात.

या चारही पाहण्यांच्या जाहिरातीत 'समाधान' हाच शब्द येऊ शकतो. उदाहरणार्थ, मारुती सुझुकी भारतातल्या सेवाविषयक पाहणीत सलग दहाहून अधिक वर्षे पहिली आली होती. ही मोठीच कामगिरी आहे आणि ग्राहकाला उपयोगी माहितीही आहे. पण तो क्रमांक अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या सेवेचा होता, एखाद्या मॉडेलच्या इंजिनाचा नव्हता. पाहणीचे पूर्ण नाव वाचले की निम्मा गैरसमज तिथेच दूर होतो.

९० दिवसांचे समाधान, ८४ महिन्यांचे हप्ते

आता हे आपल्या खिशाच्या हिशेबात बसवू. समजा गाडीची ऑन-रोड किंमत ८ लाख रुपये आहे. तुम्ही दीड लाख रुपये स्वतःचे भरता आणि साडेसहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजदराने ७ वर्षांसाठी घेता. मासिक हप्ता सुमारे १०,४५८ रुपये येईल. असे ८४ हप्ते. एकूण परतफेड सुमारे ८ लाख ७८ हजार, म्हणजे २ लाख २८ हजार रुपये निव्वळ व्याज.

पहिल्या ९० दिवसांत तुम्ही यांतले फक्त तीन हप्ते भरलेले असता. गाडीचा कोरा वास गेलेला नसतो, पहिल्या सर्व्हिसिंगला मजुरी लागलेली नसते, टायर-बॅटरी नवीच असते, वॉरंटी चालू असते. अशा वेळी बहुतेक मालक खूश असणारच. पुढच्या ८१ हप्त्यांत काय होईल, याविषयी त्या उत्तरातून फार थोडे कळते.

समजा तीन वर्षांनी लक्षात आले की गाडी सारखी गॅरेजला जाते आहे. तोपर्यंत ३६ हप्त्यांत तुम्ही सुमारे ३ लाख ७६ हजार रुपये भरले असतील. पण मुद्दल फिटलेली असेल फक्त सुमारे २ लाख ३० हजार. कर्जखात्यात सुमारे ४ लाख २० हजार रुपये बाकी असतील. आता गाडीची किंमत बघू. ऑन-रोड ८ लाखांतून रस्ता कर, विमा आणि नोंदणी वजा करून शोरूम किंमत ६ लाख ७५ हजार धरू. तीन वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची विम्यासाठी घोषित किंमत ठरवताना ४० टक्के घसारा वजा करतात. म्हणजे राहिले ४ लाख ५ हजार. प्रत्यक्ष बाजारभाव मॉडेलनुसार कमी-जास्त होईल, पण हिशेब ध्यानात घ्या : गाडी विकूनही कर्ज पूर्ण फिटेलच असे नाही. जी गाडी आवडेनाशी झाली, ती विकून मोकळे होणेही सोपे नसते.

म्हणून पहिला नियम असा : पाहणी शक्यतो टिकाऊपणाची बघा, सुरुवातीच्या समाधानाची नव्हे. मात्र यालाही एक मर्यादा आहे. तीन वर्षांनंतरची पाहणी ही तीन वर्षांपूर्वी विकल्या गेलेल्या गाडीची असते. दरम्यान त्याच नावाने नवे मॉडेल आले असेल, इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलला असेल, तर जुने उत्तर नव्या गाडीला लागू पडत नाही. पेट्रोल-मॅन्युअल गाडीच्या मालकांचे समाधान सीएनजी किंवा ऑटोमॅटिक प्रकाराला लावणेही चुकीचे.

समाधान वेगळे, भरवसा वेगळा

मालक खूश आहे म्हणजे गाडी बिनतक्रार आहे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तसे असतेच असे नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१५ सालचे आहे. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही ग्राहकांची संस्था १९३६ पासून काम करते. ती जाहिराती घेत नाही आणि तपासणीसाठीच्या गाड्या स्वतःच्या पैशाने विकत घेते. त्या वर्षी टेस्ला मॉडेल एस या विजेवरच्या गाडीच्या सुमारे १४०० मालकांची उत्तरे संस्थेकडे आली. त्यांत अडचणींची नोंद एवढी होती की संस्थेने या गाडीची शिफारस मागे घेतली. पण त्याच मालकांपैकी ९७ टक्क्यांनी सांगितले की हीच गाडी पुन्हा घेऊ!

हे लोक खोटे बोलत नव्हते. गाडीचा वेग, शांतपणा आणि नवेपणा त्यांना इतका आवडला होता की दुरुस्तीच्या फेऱ्या त्यांनी मनावर घेतल्या नाहीत. पण ज्याला रोज सकाळी सहाची शिफ्ट गाठायची आहे आणि ज्याच्या घरी दुसरी गाडी नाही, त्याला त्या फेऱ्या परवडणार आहेत का?

समाधान हे अपेक्षेवरही अवलंबून असते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा आपल्याकडे निवड जवळजवळ पद्मिनी आणि अॅम्बेसेडर एवढीच होती आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. त्या मालकाला मारुतीविषयी विचारले असते तर त्याने भरभरून कौतुक केले असते. तीच गाडी आज कोणी नवी म्हणून दिली, तर एअरबॅग कुठे आहे असे आपण पहिल्यांदा विचारू. गाडी तीच, अपेक्षा बदलली. म्हणून महागड्या गाडीचा मालक छोट्या खडखडाटाने नाराज होतो आणि दुचाकीवरून पहिल्यांदाच चारचाकीत बसलेले कुटुंब साध्या गाडीवरही प्रसन्न असते. या दोघांचे गुण शेजारी मांडून गाड्यांची तुलना होत नाही.

तिसरी गोष्ट मनाच्या ठेवणीची. आपण मोठा खर्च केला की तो योग्यच होता, असे स्वतःला पटवत राहतो. १९५७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी नव्या गाडीच्या मालकांचा अभ्यास केला. त्यांना आढळले की नवी गाडी घेतलेली माणसे इतर गाड्यांपेक्षा आपण घेतलेल्या गाडीच्याच जाहिराती अधिक वाचतात. खरेदी होऊन गेली तरी ती बरोबर होती याचा दिलासा त्यांना हवा असतो. तुमच्या शेजाऱ्याने गेल्या महिन्यात गाडी घेतली असेल, तर त्याचे मत विचारताना हे लक्षात असू द्या.

कोणाला विचारले आणि कोण राहून गेले?

म्हैसूरकरांना जवळचे असे एक उदाहरण घेऊ. इथल्या यादवगिरीतल्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि नंतर येझदी मोटारसायकली तयार होत. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. तरीही दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचे मालक आपापल्या गाड्या घासूनपुसून एकत्र येतात. त्या मेळाव्यात उभे राहून कोणी समाधान पाहणी केली, तर शंभरपैकी शंभर गुण मिळतील.

त्यावरून या गाड्यांना कधी अडचणी आल्याच नाहीत, असा निष्कर्ष काढता येईल का? सुटे भाग मिळेनात म्हणून, मेकॅनिक मिळेना म्हणून ज्यांनी गाडी विकली किंवा भंगारात काढली, ते त्या मेळाव्यात आलेलेच नसतात. आलेले सगळे टिकून राहिलेले प्रेमी असतात. गाड्यांच्या पाहण्यांतही असेच घडते. आजच्या मालकांना विचारले जाते, ज्याने वैतागून दोन वर्षांतच गाडी विकली तो यादीतून गळलेला असतो.

उत्तर कसे मागितले, यानेही फरक पडतो. नवी गाडी ताब्यात घेताना हार, पेढे आणि फोटो होतात आणि मग विक्री प्रतिनिधी नम्रपणे सांगतो : कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहाच द्या, नाही तर माझा इन्सेंटिव्ह जाईल. आपण माणुसकीने दहा देतो. तो गुण त्या मुलाच्या नोकरीला दिलेला असतो, गाडीला नव्हे. पण कागदावर तो 'समाधान' म्हणूनच नोंदवला जातो. अशी विनंती झालेल्या ठिकाणचे गुण नंतर जाहिरातीत दिसले, तर त्यांना फारसे महत्त्व देऊ नका.

क्रमांक नको, आकडा बघा

क्रमांक डोळ्यांत भरतो, पण फसवतोही. २०१० साली अमेरिकेतल्या सुरुवातीच्या गुणवत्तेच्या पाहणीत फोर्ड पाचव्या क्रमांकावर होती. पुढच्याच वर्षी ती तेविसाव्या क्रमांकावर घसरली. वाचणाऱ्याला वाटेल, कारखान्याचा बोजवारा उडाला. आकडे पाहिले तर १०० गाड्यांमागे अडचणी ९३ वरून ११६ वर गेल्या होत्या. म्हणजे साधारण चार-पाच गाड्यांमागे एक जास्तीची अडचण. त्यांतही मोठा वाटा नव्या टचस्क्रीन यंत्रणेचा होता. मोबाइल गाडीला जोडला जात नाही ही एक अडचण आणि गिअरबॉक्स निकामी झाला हीसुद्धा एकच अडचण, असे मोजले की बेरीज सारखीच दिसते. तुमच्या खिशाला मात्र पहिली अडचण फुकट पडते, दुसरी कदाचित चार-पाच हप्त्यांएवढी.

म्हणून पहिल्या आणि सहाव्या गाडीत प्रत्यक्ष किती अंतर आहे ते बघा. उत्तरे किती लोकांनी दिली तेही बघा. एखाद्या मॉडेलच्या १०० मालकांपैकी ८० जण समाधानी असतील, तर केवळ नमुना लहान असल्यामुळे खरा आकडा ७२ ते ८८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. अशा वेळी ८० आणि ८४ या गुणांतला फरक निर्णय घेण्याजोगा नसतो. नमुन्याची संख्याच छापलेली नसेल, तर ती पाहणी बाजूला ठेवा.

खर्च कोणी केला?

हजारो लोकांना प्रश्न विचारायला पैसे लागतात. ते कुठून आले, हे बचतदाराने विचारलेच पाहिजे. जे. डी. पॉवरसारख्या संस्था पाहणीची तपशीलवार माहिती वाहन कंपन्यांना विकतात आणि पुरस्काराचे नाव जाहिरातीत वापरण्यासाठी शुल्क घेतात. यामुळे पाहणी खोटी ठरत नाही. मात्र जिंकलेल्या कंपनीचीच जाहिरात आपल्यापर्यंत पोहोचते, हरलेल्यांचे आकडे पोहोचत नाहीत. कन्झ्युमर रिपोर्ट्ससारखी संस्था सभासदांच्या वर्गणीवर चालते, त्यामुळे तिला वाईट निकाल ठळकपणे छापणे जड जात नाही.

मोठे नाव म्हणजे पूर्ण खात्री, असेही मानू नये. जर्मनीतला एडीएसी हा वाहनचालकांचा क्लब, २०१४ साली त्याचे सुमारे १ कोटी ९० लाख सभासद होते. २०१४ च्या जानेवारीत त्याच्या 'आवडती गाडी' या पुरस्काराचे मतदान फुगवल्याचे उघड झाले. विजेत्या फोक्सवॅगन गोल्फला ३४,२९९ मते मिळाल्याचे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात ती ३,४०९ होती. क्लबच्या संपर्क विभागप्रमुखाला पायउतार व्हावे लागले.

आपल्याकडे ऑनलाइन अभिप्रायांचा प्रश्न याहून मोठा आहे. पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय इतके वाढले की भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणले. लिहिणारा खरा ग्राहक आहे का, अभिप्राय निवडून छापलेत का, याविषयीचे नियम त्यात आहेत. ते पाळणे ऐच्छिक असल्याने सावधगिरी आपणच बाळगायची.

मालकाला माहीतच नसलेली गोष्ट

काही गोष्टी सर्वांत प्रामाणिक मालकही सांगू शकत नाही. त्यांतली पहिली म्हणजे अपघातातली सुरक्षितता. ज्याचा मोठा अपघात झालेला नाही, त्याला आपल्या गाडीचा सांगाडा किती भक्कम आहे हे कसे कळणार?

२०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय गाड्यांचे एअरबॅग नसलेले प्रकार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवले. अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो या पाचही गाड्यांना मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. या गाड्यांचे लाखो मालक तेव्हा आपापल्या गाडीवर खूश होते. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली. २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला त्याच चाचणीत पाच तारे मिळाले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची मूल्यांकन योजना सुरू झाली. सुरक्षितता मालकाला विचारू नका, चाचणीचा निकाल बघा. निकाल कोणत्या प्रकाराचा आहे आणि तुम्ही घेताय तो प्रकार तोच आहे का, हेही तपासा.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचा वापर. पाहणीतला सरासरी मालक रोज रिंग रोडने हेब्बाळला येत नाही आणि गौरी-गणपतीला पाच माणसे व डिकीभर सामान घेऊन पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या बेळगावला जात नाही. तुमची गरज तुम्हीच मांडायची आहे.

इंधनाचेच बघा. महिन्याला १००० किलोमीटर चालवणार असाल आणि पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला महिन्याला सुमारे ६,६६७ रुपये लागतील. २० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला ५,००० रुपये. ८४ महिन्यांत हा फरक १ लाख ४० हजार रुपयांचा होतो. महिन्याला ३०० किलोमीटर चालवणाऱ्याला तोच फरक फक्त ४२ हजारांचा पडेल. पाहणीतला एकच गुण या दोन कुटुंबांना सारखाच सल्ला देतो, पण त्यांचे हिशेब वेगळे आहेत.

मग पाहणीचा उपयोग कसा करावा?

पाहण्या टाकाऊ आहेत असे नाही. हजारो मालकांचा अनुभव एकट्याला गोळा करता येत नाही, तो पाहणीतून मिळतो. तिचा तीन कामांसाठी वापर करा.

पहिले काम वगळण्याचे. एखादे मॉडेल टिकाऊपणाच्या पाहणीत सलग दोन-तीन वर्षे तळाशी असेल, तर ते यादीतून काढा. वरच्या पाच-सहा गाड्यांत मात्र क्रमांकावरून निवड करू नका.

दुसरे काम प्रश्न शोधण्याचे. मालकांची तक्रार कशाची आहे ते वाचा. क्लच, एसी, सस्पेन्शन की पडद्यावरचे सॉफ्टवेअर? तोच भाग चाचणी फेरीत आणि मेकॅनिककडे चौकशीत तपासा.

तिसरे काम सेवेचे. सेवाविषयक पाहणीत कंपनी चांगली असेल, तर आपल्या भागात तिचे सर्व्हिस सेंटर आहे का, तिथे गाडी किती दिवस अडकते, हे स्वतः जाऊन बघा. देशभराची सरासरी चांगली आणि आपल्या गावातले केंद्र वाईट, असे होऊ शकते.

आता स्वतःची छोटी पाहणी करा

यानंतर उरलेल्या दोन-तीन गाड्यांसाठी स्वतः विचारपूस करा. प्रत्येक गाडीचे निदान सहा मालक शोधा. कंपनीच्या पार्किंगमध्ये, अपार्टमेंटमध्ये, नातेवाइकांत ते सापडतात. गाडी घेऊन तीन वर्षे झालेली असावीत आणि तुम्ही घेणार तोच इंधनप्रकार व गिअरबॉक्स असावा. सहांपैकी एक तरी गाडी विकून टाकलेला असावा. मेटगळ्ळी किंवा हूटगळ्ळीतल्या एखाद्या बहुकंपनी गॅरेजमध्येही विचारा, कारण मेकॅनिकला गाडीवर प्रेम करण्याचे कारण नसते.

'गाडी कशी आहे?' असे विचारू नका. 'छान आहे' एवढेच उत्तर येईल. पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा :

१. गाडी कधी घेतली आणि आतापर्यंत किती किलोमीटर चालली?
२. गेल्या बारा महिन्यांत नेहमीचे सर्व्हिसिंग सोडून किती वेळा गॅरेजला न्यावी लागली? कशासाठी?
३. शेवटच्या सर्व्हिसिंगचे बिल किती आले?
४. सुटा भाग मिळायला जास्तीत जास्त किती दिवस लागले?
५. मायलेज टाकी पूर्ण भरून मोजलाय, की गाडीच्या पडद्यावर दिसतो तो सांगताय?
६. टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक यांपैकी काय बदलले आणि किती खर्च आला?
७. आज विकायला काढली तर किती मागणी येईल?
८. तेवढेच पैसे आज हातात असते, तर हीच गाडी पुन्हा घेतली असती का? का?

समाधानाचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आधी बिले आणि तारखा आठवल्या की माणूस शेवटचे उत्तर विचार करून देतो. सहा मालक म्हणजे काही शास्त्रीय नमुना नव्हे, पण त्यांच्याकडून तुमच्या रस्त्यावरची, तुमच्या सर्व्हिस सेंटरची आणि खऱ्या बिलांची माहिती मिळते. मोठ्या पाहणीत ती नसते. दोन्ही एकमेकींना पूरक आहेत.

सातव्या प्रश्नाची पडताळणी जुन्या गाड्यांच्या बाजारात करा. तीन ते पाच वर्षे वापरलेल्या गाडीला मिळणारा भाव ही एक वेगळ्या तऱ्हेची पाहणीच आहे. तिथे लोक मत नाही, पैसे देतात. जी गाडी लवकर विकली जाते आणि भाव टिकवते, तिच्याविषयीचा भरवसा बाजाराने तपासलेला असतो.

कर्जाच्या अर्जाआधी

गाडी ठरली की हप्त्यात इंधन, विमा आणि देखभालीसाठी महिना ठरावीक रक्कम मिळवा आणि ती बेरीज पगारातून घरखर्च व नियमित बचत बाजूला काढल्यावर उरते का, ते बघा. उरत नसेल, तर पाहणीत पहिली आलेली गाडीही तुमच्यासाठी योग्य नाही. शक्य असेल तर मुदत कमी करा. वरच्याच उदाहरणात ७ वर्षांऐवजी ५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे १३,४९३ रुपये होतो, पण व्याज २ लाख २८ हजारांवरून १ लाख ६० हजारांवर येते. व्याजदर स्थिर असेल तर मुदतपूर्व परतफेडीला शुल्क लागू शकते, ते मंजुरीपत्रात वाचून घ्या.

आणि आणखी एक करा. गाडी घेतल्यावर एका वहीत तारीख, किलोमीटर, बिल आणि कारण लिहीत जा. तीन वर्षांनी तुमच्या शाखेतला एखादा खातेदार तुम्हाला 'गाडी कशी आहे?' असे विचारील. तेव्हा त्याच्यासमोर ती वही उघडा.

लक्षात ठेवा

• पाहणीचे पूर्ण नाव वाचा : गुणवत्ता, टिकाऊपणा, सेवा की नुसती आवड?
• गाडी किती जुनी असताना विचारले, किती जणांना विचारले आणि खर्च कोणी केला, ते तपासा.
• क्रमांकापेक्षा आकड्यांतले अंतर महत्त्वाचे.
• सुरक्षितता चाचणीच्या निकालावरून ठरवा, मालकाच्या मतावरून नाही.
• पाहणीने यादी लहान करा, निवड मात्र स्वतःची विचारपूस आणि स्वतःचा मासिक हिशेब यांवरून करा.